माझ्या सावलीनं मोजलेलं पाणी

चैत्र वद्य तृतीया, बुधवार. दिवस कासराभर वर आलेला.

चावडीसमोर हजर माणसं अशी. ओट्यावर खुर्चीत सरकारी साहेब, शहरातून आलेले. त्यांच्या बाजूला कागद-दौत घेऊन बसलेला कारकून आणि एक शिपाई. जाजमावर पाटील, पाटलाचा धाकटा भाऊ आणि पाटाखाली जमीन असलेले गावातले नऊ शेतकरी. ओट्याखाली, जोड्यांच्या पलीकडं, लमाण तांड्याचा धावजी नायक. त्याच्याही मागं, उन्हात एकटी उभी, मी.

मी नेमकी किती लांब उभी होते तेही सांगते. ओट्यापासून पंधरा पावलं. टाचेला अंगठा लावून मोजलेली. त्या वेळी माझी सावली चौदा पावलं होती. मी नेहमी सावलीच्या एक पाऊल मागं उभी राहायची. म्हणजे सावली ओट्यावर चढत नाही, कुणाला विटाळ होत नाही.

साहेबांना माझं बोलणं ऐकू येईना. त्यांनी खुर्ची उचलून पायरीशी आणली. आणि माझ्या सावलीचं डोकं त्यांच्या बुटावर पडलं.

साहेबांना त्याचं काही नव्हतं. पण पाटलाचा भाऊ ताडकन उठला.

"ए! सावली आवर!"

मी मागं सरकू लागले तर म्हणाला, "मागं गेलीस तर साहेबाला ऐकू कसं येईल? बस खाली. बारकी कर सावली."

मी बसले. भर चावडीसमोर, मातीत, उकिडवी. चौदा पावलांची सावली सात पावलांची झाली. वर हशा झाला. हसणाऱ्यांत पाटीलही होता.

त्याच सकाळी, सूर्य उगवल्यापासून, मी त्या पाटलाच्या उसाचं पाणी माझ्या सावलीनं मोजून आले होते.

हे नीट समजायला हवं. आमच्या गावाला ओढ्यावर जुना दगडी बंधारा आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो. पाटाच्या पाण्याला आठवड्याच्या पाळ्या ठरलेल्या. पाळी कधी सुरू, कधी संपली, हे सांगायचं काम आमच्या घराकडं, वडिलोपार्जित. बंधाऱ्याच्या कडेला एक सपाट दगड आहे. त्यावर अनवाणी ताठ उभं राहायचं, सावलीचं डोकं जिथं संपतं तिथं खूण करायची, मग टाचेला अंगठा लावत तिथवर चालत जायचं. कार्तिकात सात पावलं, पौषात आठ, फाल्गुनात पाच. आकडा भरला की हाक द्यायची: अमक्याची पाळी! पाटाचं पाणी अडवणारी फळी ज्याची त्यानं काढायची. आम्ही फळीला शिवायचं नाही, पाटाला शिवायचं नाही; आमच्या पाळीची फळी तांड्यातलं कुणीतरी काढून द्यायचं. रात्री सगळ्या फळ्या बंद, बंधारा भरत राहायचा.

म्हणजे ज्या सावलीचा गावाला विटाळ, तीच गावाचं घड्याळ होती. आज हे लिहिताना मला ते दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं. तेव्हा मला त्या कामाचा अभिमान होता.

माझ्या बापाला मुलगा नव्हता. बाप गेला आणि काम माझ्याकडं आलं. नवरा घरजावई, मनानं मोठा, पण पाळ्या त्याच्या डोक्यात राहात नसत. माझ्या राहात. शिवाय माझा चुलता हिंगोलीच्या छावणीत घोड्यांचा सईस होता. तिथं तो बाळबोध अक्षरं शिकला आणि म्हातारपणी त्यानं मला शिकवली. मी पाळ्यांची वही ठेवली. कुणाची फळी किती पावलांवर उघडली, किती पावलांवर पडली. गावात भांडण झालं की लोक माझ्या दाराशी यायचे. दाराशी म्हणजे महारवाड्याच्या वेशीपाशी. तिथून ओरडायचे, "अगं ए, वही बघ!" मी बघायची आणि सांगायची. कुणी कधी म्हणालं नाही की वही खोटी आहे.

आठवड्यातले सहा दिवस आणि शनिवारची सकाळ गावची. त्यातलं निम्मं पाटलाच्या घरचं. शनिवारी सावली त्या महिन्याच्या आकड्यावर, म्हणजे कार्तिकात सात पावलांवर, आली की तांड्याची पाळी. दुपार उलटून ती पुन्हा सात पावलं झाली की महारवाड्याची, दिवस मावळेपर्यंत. आमची जमीन पाटाच्या शेपटाला. पूर्वी कधी तरी गावकामाच्या बदल्यात मिळालेली. हरभरा आणि थोडा गहू निघायचा. त्यावर वाड्यातली अकरा घरं उन्हाळा काढायची.

आता पुन्हा त्या बुधवारकडं.

शहरात रेल्वे आल्यापासून माणसं वाढली होती. जिनिंगचे कारखाने, कचेऱ्या, नवी पेठ. विहिरी पुरेनात. आमच्या बंधाऱ्याचं पाणी खापरी नळानं तिकडं न्यायचं ठरत होतं. किती न्यायचं, हे बघायला साहेब आले होते. आदल्या दिवशी पाटील स्वतः वाड्याच्या वेशीपाशी आला. तो कधी येत नसे.

म्हणाला, "उद्या साहेबाला समद्या पाळ्या बराबर सांग. तुमचीबी सांग, तांड्याचीबी सांग. कागदावर चढली म्हंजी पक्की झाली. मंग कुणाच्या बापाला काढता येत न्हाई."

मी म्हणाले, "जी पाटील."

मला आनंद झाला होता. आमच्या पाळीला कागद मिळणार! त्या रात्री मी वही पुन्हा नीट उतरवून काढली.

तर मी मातीत बसून सगळं सांगितलं. सातही दिवस, एकही पाऊल न चुकता. साहेब मान हलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आखरी पाळी का पानी पूरा पहुँचता है?"

मी खरं बोलले. "न्हाई जी. निम्मं वाटंतच मुरतं. पाट फुटलाय तिथं. पर..."

माझं 'पर' कुणी ऐकलं नाही. मला सांगायचं होतं की पाट नीट केला तर पुरं पोचेल. त्यासाठी किती माणसं आणि किती दिवस लागतील तेही वहीत होतं. पण कारकुनाचा टाक आधीच चालू लागला होता, उजवीकडून डावीकडं. निजामाच्या दरबारचा सगळा कागद उर्दूत. मला ती अक्षरं येत नव्हती.

लिहून झाल्यावर कारकून म्हणाला, "अंगठा."

मी म्हणाले, "मला सही येती जी."

पाटलाचा भाऊ मांडीवर थाप मारून हसला. "म्हारणीची सही! आज सही म्हणती, उद्या खुर्ची मागन."

शिपायानं शाईची डबी मातीवर ठेवली. वर कागद टाकला, लांबून. मी अंगठा दिला. माझ्या मागून धावजी नायकानं दिला. उठताना तो हळूच म्हणाला, "काय लिवलं गं बाई त्याच्यात?"

"आपल्या पाळ्या," मी म्हणाले.

हे माझे शब्द. मीच त्याला सांगितलं.

वैशाखात नळाचा चर खणायला सुरुवात झाली. वेठीनं. गावात सांगितलं की पावसाळ्यात सांडव्यावरून फुकट वाहून जातं ते पाणी शहराला जाणार, पाळ्यांना धक्का नाही. खणायला वाडा आणि तांडा. एका घरावर दोनदा वेठ येऊ नये म्हणून खणणाऱ्यांची यादी मीच केली. दीड कोस चर. गमळी, धावजीची सून, पोटुशी असून खणत होती. मी तिला यादीतून काढलं आणि तिच्या जागी मी खणलं. पाटील एकदा बघायला आला तेव्हा म्हणाला, "वा! तुझ्यासारखी यवस्था आमच्या घरातबी न्हाई." मला तेव्हाही बरं वाटलं.

कार्तिकातला पहिला शनिवार. सात पावलं भरली. मी हाक दिली, "तांड्याची पाळी!"

धावजी पाटाशी वाकला आणि तसाच राहिला. फळीवर लोखंडी पट्टी आणि पट्टीला कुलूप. पलीकडं खापरी नळाचं तोंड उघडलेलं, आणि बंधाऱ्याचं पाणी त्यात घुसत होतं. आवाज करत.

तिथं पाटलाचा गडी बसला होता. तंबाखू मळत.

मी विचारलं, "ही काहून बंद?"

"शनिवार शहराला गेला."

"कुणी दिला?"

त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग म्हणाला, "तूच तर दिला की. तू आन ह्या नायकानं. पाणी वाटंत मुरतं, पोचत न्हाई, आमच्या काय कामाचं न्हाई, असं लिहून दिलंय तुमी. खाली अंगठं हायती."

धावजीनं माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा कुलपाकडं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी तशीच पाटलाच्या वाड्यासमोर गेले, अंगणाबाहेर उभी राहिले. म्हणाले, "पाटील, शहराला पाणी पायजे तर द्या. तिथंबी माणसंच राहात्यात. पर समद्यांच्या पाळीतून द्या. मी हिशोब केलाय. आठवडाभर प्रत्येकानं एकेक पाऊल सोडलं तर शहराचं भागतं, आन कुणाचं पीक जळत न्हाई."

मी वही उघडून धरली. पाटील जोंधळ्याच्या राशीकडं बघत होता.

"एक पाऊल," तो म्हणाला. "माझं एक पाऊल आन तुझं एक पाऊल सारखंच व्हय गं?"

एवढंच. आत गेला. जाता जाता वळून म्हणाला, "आन शनिवारची मोजणी चुकवू नको. शहराला पाणी बराबर सातावर सोडायचं, सायबाचा हुकूम हाय."

आता जे लिहायचं आहे ते मी कुणापासून लपवत नाही. या लिहिण्यात तेही हवं. मी मोजलं. दोन हिवाळे, दर शनिवारी, दगडावर ताठ उभी राहून मी शहरासाठी आमचंच पाणी मोजलं. खळ्यावरचं बलुतं बंद होईल ही भीती. पावलं भरली की मी हाक द्यायची, "शहराची पाळी!" आणि मागं हरभरा पिवळा पडत होता. पहिल्या वर्षी घाटे भरले नाहीत. दुसऱ्या वर्षी आम्ही पेरलंच नाही. वाड्यातल्या आणि तांड्यातल्या बायका कपाशीच्या हंगामात शहरातल्या जिनिंगवर जायला लागल्या. मीही, शनिवार सोडून.

तिथला कापूस नाकातोंडात जातो. घसा सुकून खरखरतो. एका मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मी आणि गमळी पाणी शोधत नव्या पेठेत गेलो. एका नव्या घराच्या ओट्याला लागून नळ होता, पितळी तोटीचा. खाली दगडी कुंडी भरून वाहत होती. वाहणारं पाणी रस्त्यावरून गटारात चाललेलं. मी पदर खोचून उभी राहिले, कुणी ओतून देईल म्हणून. आतून घरमालक बाहेर आला.

पाटलाचा धाकटा भाऊ.

आम्हाला माहीत नव्हतं. नळ यायच्या आधीच त्यानं तिथं जागा घेतली होती. चर कुठून जाणार, हे त्याला चैत्रातच ठाऊक होतं.

त्यानं मला ओळखलं. हसला. "अरे वा, मोजणीवाली! काय पायजे?"

"पाणी जी."

"नळाला शिवू नको. कुंडीवर सावली पाडू नको. त्या गटाराच्या पल्याड बस, बाई ओतंल."

मी बसले. ओंजळ धरली. मोलकरणीनं वरून ओतलं.

पाण्याला लव्हाळ्याचा वास होता. आमच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला लव्हाळा दाट आहे, पाणी हिवाळ्यात तसंच लागतं. मी ते ओळखलं. कालपरवाच्या शनिवारचं पाणी. मीच सातावर सोडलेलं.

मी प्याले. तहान लागली होती. खोटं कशाला लिहू? गमळी प्याली नाही. ती उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आमचा चर, आमचं पानी, आन आमीच गटाराशी." तिच्या मोडक्या मराठीत. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. मी तिच्या हाताला धरून ओढत नेलं. तेव्हा मला तिची लाज वाटली होती. जिनिंगच्या फाटकापाशी पोचेपर्यंत ती लाज उलटली. मला माझी लाज वाटू लागली, आणि ती अजून गेलेली नाही.

पुढचा शनिवार. पौष. नुकताच लागलेला, आठ पावलांचा महिना.

बंधाऱ्यावर पाटील होता, त्याचा गडी होता, शहराचा नळवाला होता, आणि आपल्या पाळीचा वाद घेऊन आलेले दोघे शेतकरी. मी दगडावर चढले आणि मांडी घालून बसले.

गडी म्हणाला, "अगं उठ, येळ झाली."

मी बसून राहिले.

पाटील पुढं आला. "काय गं? पाय मोडले काय?"

"न्हाई जी."

"मंग उभी ऱ्हा."

मी म्हणाले, "तुमच्या भावानं मला बस म्हटलं, पाटील, आन तुमी हसलात. समद्या गावासमोर. सावली बारकी कर म्हटलं. केली बारकी. आता ती मोठी व्हायची न्हाई. शहरासाठी न्हाई, आन तुमच्यासाठीबी न्हाई."

तो काठी घेऊन पायरीपर्यंत आला. पण दगडावर मी होते. मला ओढून उठवायचं तर शिवावं लागलं असतं, आणि मारून सावली मोठी झाली नसती. काठी वर धरून तो तसाच उभा राहिला. माझ्यासमोर पाटलाची सावली पाण्यावर पडलेली, हलत होती. मी तिच्याकडं बघत बसले. ऊन माथ्यावर आलं. आठाची वेळ गेली. नळाचं तोंड कुणी किती वेळ उघडायचं यावर नळवाला आणि ते दोन शेतकरी भांडू लागले. त्या दिवशी पाळ्यांचं गणित गावाच्या हातून सुटलं. चार दिवस प्रत्येक फळीवर मारामारी.

याचा मोबदला असा. बलुतं बंद झालं. माझ्या नवऱ्याला चावडीच्या खांबाला बांधून मारलं. पाचव्या दिवशी शहरातून भिंतीवरचं घड्याळ आलं, ते पाटलाच्या ओसरीत टांगलं. सावलीची गरज संपली. कुलूप मात्र होतं तिथंच राहिलं.

मार खाऊन आल्यावर नवरा दाराशी बसला. मी हळद लावत होते. तो म्हणाला, "बसलीस तं बसलीस. आता उठू नको."

त्यानं जन्मात दिलेला हा एकच हुकूम. तो मी पाळला.

वर्षं गेली. रझाकारांचे दिवस आले आणि गेले. यंदा भाद्रपदात फौजा आल्या, निजामाचं राज्य संपलं. शहरात मिरवणुका निघाल्या. मला वाटलं, आता कागद उघडेल. मी वहीत चार कामं लिहिली.

पहिलं काम, नव्या साहेबांना भेटणं. मार्गशीर्षात गेले, धावजी नायक, गमळी आणि तिच्या पोरीला घेऊन. नवे साहेब तरुण होते, 'बाई, तुम्ही' म्हणाले. मला माझ्या आयुष्यात कुणी सरकारी माणसानं तुम्ही म्हटलेलं ते पहिलंच. पण त्यांच्या शेजारच्या खुर्चीत पाटील बसला होता. डोक्यावर पांढरी खादीची टोपी, कडक इस्त्रीची.

दुसरं काम, तो कागद वाचून घेणं. साहेबांनी दप्तरातून काढला, उर्दू जाणणाऱ्याला बोलावलं. त्यानं वाचलं: शनिवारचं पाणी शेतात पोचत नाही. ते पडीक आहे. आम्ही ते राजीखुशीनं सोडतो. पुढं आम्ही किंवा आमचे वारस मागणार नाही.

वारस. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. गमळीचा हात तिच्या पोरीच्या डोक्यावर होता.

मी म्हणाले, "हे आमी बोललो न्हाई."

साहेब म्हणाले, "पण अंगठा तुमचाच ना, बाई?"

"माझाच."

"मग मी काय करू? शहराला आता ते पाणी बंद कसं करणार? माणसं किती वाढलीत बघा."

पाटील टोपी नीट करत म्हणाला, "जुनं कशाला उकरायचं आता? स्वराज्य आलंय."

तिसरं काम, अर्ज. तो मी तिथल्या पायरीवर बसून लिहिला. बाळबोधीत, माझ्या हातानं. त्यात दोन गोष्टी मागितल्या. शहराला पाणी द्यायचं तर प्रत्येक पाळीतलं एकेक पाऊल द्या, पाटलाचंही. आणि आमचा शनिवार परत करा. खाली सही केली. अंगठ्यासाठी शिपायानं डबी पुढं केली, ती मी उचलून त्याच्या टेबलावर परत ठेवली. धावजीला सही येत नव्हती. मी त्याला त्याच्या नावातला धा शिकवला, तो त्यानं काढला, मोठा, वाकडा. गमळीनं पूर्ण नाव काढलं. तिला मी दोन वर्षांपूर्वीच शिकवलं होतं.

अर्जाला अजून उत्तर नाही. साहेबांची बदली झाली असं ऐकते.

म्हणून चौथं काम मी पुढं ढकलत नाही. येत्या शनिवारी बंधाऱ्यावर हजर राहणारे: मी. नवरा, गुडघा दुखतो तरी. धावजी नायक, कुदळ घेऊन. गमळी आणि तिची पोरगी. वाड्यातली अकराही घरं, घरटी एक. जिनिंगवरच्या शहरातल्या सहा बायका, ज्यांना त्या नळाचं पाणी आजही वरून ओतून मिळतं.

घड्याळ बघायला पाटलाच्या ओसरीला कुणी जाणार नाही. मी दगडावर उभी राहीन, ताठ. सावली कुठं पडायची ती पडू दे.

पौष आहे. आठ पावलं भरली की कुलूप तोडायचं आणि फळी काढायची. ती मी माझ्या हातानं काढणार. एवढं काम राहिलंय.